गंगेवर गाडी लावून येते

"आई, तू इथेच थांब, मी गंगेवर गाडी लावून येते."

गेल्या दहा-बारा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन कुणास ठाऊक. नाशिकबाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे गोदावरीला गोदावरी फक्त पेपरात म्हणतात, घरात ती गंगाच. गंगेवर गेलो, गंगेवर भेटू, गंगेवर भाजी स्वस्त मिळाली. आणि जुन्या नाशकात, म्हणजे मेनरोड, सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, कापडपेठ या सगळ्या पट्ट्यात चारचाकी घेऊन गेलात की फिरून फिरून ती शेवटी गंगेवरच लावावी लागते, घाटाच्या मोकळ्या फरशीवर. तीही बुधवार सोडून, कारण बुधवारी तिथे आठवडे बाजार भरतो.

आई आता 77 वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशन नको म्हणते, आणि मीही आता तो विषय काढत नाही. आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो, पण आईचा संसार झाला तिळभांडेश्वर लेनमधल्या एका वाड्यात, दोन खोल्या, भाड्याच्या, 31 वर्षं. त्यामुळे तिचा विश्वास ज्या ज्या दुकानांवर, ज्या ज्या माणसांवर, ती सगळी तिकडेच. पितळी पातेल्याला कल्हई करायची तर भांडी बाजाराकडेच. मोहनमाळ तुटली तर ओवायला सराफ बाजारातल्या त्याच पटवेकरांकडे, ते मण्यांची संख्या तोंडपाठ सांगतात म्हणून. चैत्रात नवीन ताम्हण, दिवाळीत रांगोळीचे रंग, नातवाच्या मुंजीचं सोवळं, सगळं तिकडून. मी एकदा म्हटलं, आई अगं ऑनलाइन मागवू ना, घरी येईल. ती काही बोलली नाही, नुसतं पातेलं परत फळीवर ठेवलं. तेव्हा मला कळलं की तिला पातेल्याइतकंच तिथे जाणं हवंय. कुणीतरी "अहो वहिनी, किती दिवसांनी" म्हणायला हवंय. इंदिरानगरला तिला वहिनी म्हणणारं कोणी नाही, तिथे ती चारशे दोनवाल्या आजी.

2014 ला आम्ही सेकंडहँड वॅगनआर घेतली तेव्हा माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, आईला मेनरोडला घेऊन जायचं. रिक्षात चढताना तिला त्रास व्हायचा, बसची पायरी उंच. गाडी आली की प्रश्न मिटला असं मला मनापासून वाटलं होतं. आणि झालं काय, तर त्या गाडीमुळेच तिचं तिकडे जाणं हळूहळू कमी होत गेलं.

कारण ते "इथेच थांब."

इथे म्हणजे कुठे? मी तिला गल्लीच्या तोंडाशी उतरवते, मागून हॉर्न सुरू असतात, दोन मिनिटं थांबायची पण सोय नाही, ती एका हातात पिशवी आणि एका हातात काठी घेऊन उतरते आणि दोन लावलेल्या टू-व्हीलरच्या मधल्या फटीत उभी राहते. मग मी निघते. अशोक स्तंभाकडून रविवार कारंजा, तिथून सांगली बँक सिग्नल, शालिमार, सीबीएस म्हणजे जुना एसटी स्टँड, मेहेर सिग्नल, परत अशोक स्तंभ. हा आमच्या शहरातला न सांगता ठरलेला फेरा आहे, जागा शोधणाऱ्या प्रत्येकाने मारलेला. कुठेतरी एखादी गाडी हलताना दिसते, आपण इंडिकेटर देतो, तोवर पुढून कोणीतरी घुसतं. एका दुकानासमोर जागा दिसते, तिथे दोन कुंड्या आणि मध्ये दोरी. एका शटरवर लिहिलेलं, गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. शेवटी उतार उतरून गंगेवर. तिथे गाडी लावून परत वर चढत यायचं, मी मोबाईलवर बघितलंय, गर्दीच्या दिवशी सगळं धरून पंचवीस मिनिटं जातात. म्हणजे पंचवीस मिनिटं आई उभी.

एकदा आले तर ती जागेवर नव्हती. माझ्या पोटात धस्स झालं. ती पलीकडे विजेच्या खांबाला धरून उभी होती, चेहरा पांढरा. झालं असं होतं की ती एका लावलेल्या अॅक्टिव्हाच्या सीटला टेकून उभी होती, तेवढ्यात मालक आला, म्हणाला मावशी जरा बाजूला व्हा, आणि गाडी काढून घेऊन गेला. तो काही वाईट बोलला नाही, त्याची गाडी, तो नेणारच. पण आईचा आधार गेला आणि पुढे धरायला काही नव्हतं. पाच-सहा पावलं ती कशीबशी खांबापर्यंत गेली. मला म्हणाली, "पूर्वी असं नव्हतं गं, पूर्वी मी कुठेही बसायचे."

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले. कुठेही बसायचे म्हणजे कुठे? बाजारात कधी बाक होते असं मला आठवेना. मग उजेड पडला, ओटे.

जुन्या नाशकातल्या वाड्यांना ओटे असायचे. रस्त्याला लागून, गुडघ्याइतके उंच, काळ्या दगडाचे, दारवंट्याच्या दोन्ही बाजूंना. आमच्याही वाड्याला होता. उन्हाळ्यात संध्याकाळी त्यावर पाणी मारलं की दगडातून गरम वाफ यायची आणि मग तो गार व्हायचा, आम्ही पोरं त्यावर पालथी पडून चंपूल, म्हणजे काचकवड्या खेळायचो. भाजीवाली टोपली टेकवायची. पोस्टमन पत्रं लावून घ्यायचा. आणि भर बाजारातून चालणारी म्हातारी माणसं एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर अशी टप्प्याटप्प्यानं जायची. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, सुंदरनारायणाला अशीच जायची, चार ठिकाणी बसत, चार घरांची खबर घेत. कोणाला विचारायला लागायचं नाही. ओटा घराचाही होता आणि वाटसरूचाही.

आता काही वाडे पडले, काही पाडले, तिथे खाली दुकानं वर फ्लॅट झाले, दुकानाला ओटा नको असतो, पायरी असते आणि तिच्यावर बरणी नाहीतर जाहिरातीची स्टँडी. जे ओटे उरलेत त्यांच्यासमोर टू-व्हीलर इतक्या खेटून लावलेल्या असतात की ओट्यापर्यंत पोचताच येत नाही. म्हणजे ओटा दिसतो, बसता येत नाही. गेल्या वर्षी मी एका रविवारी सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आधी, नुसती बघायला म्हणून आमच्या जुन्या लेनपासून सराफ बाजारापर्यंत चालले. बसता येतील असे ओटे वाटेत सात सापडले. त्याच वाटेवर दुपारी बाराला परत गेले तर एकही नाही, सगळे गाड्यांच्या मागे.

पार्किंगबद्दल आपण बोलतो तेव्हा आपण फक्त गाडीची जागा मोजतो. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एका कारसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, टू-व्हीलरसाठी एक बाय दोन. म्हणजे कारचे साडेबारा चौरस मीटर. आमच्या वाड्यातली पुढची खोली, जिथे आम्ही चौघं झोपायचो, पाहुणे आले की सात-आठ, ती साधारण एवढीच होती. मी हे कोणाला लाज वाटावी म्हणून म्हणत नाही, माझी स्वतःची गाडी तेवढीच जागा खाते. पण ज्या गल्ल्या माणसं, बैल आणि फार तर टांगा धरून बांधल्या, त्यात प्रत्येक घराने एकेक खोली रस्त्यावर आणून ठेवली तर चालायला काय उरेल, हे सोपं गणित आहे.

आणि नाशिक काही वाहनांना अनोळखी गाव नव्हतं. 1889 मध्ये इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, नाशिकरोड स्टेशनपासून थेट मेनरोडपर्यंत, जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपाशी. चार घोडे ओढायचे. मधलं सगळं रान होतं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ती तोट्यात जाऊन बंद पडली. मला ही ट्राम फार आवडते, पाहिलेली नसूनही, कारण तिने माणसं बाजाराच्या दारात सोडली आणि ती परत गेली. दिवसभर तिथे उभी राहिली नाही. आईला नेमकं हेच हवंय. दारात सोडा, आणि बसायला द्या. गाडी कुठे जाते याच्याशी तिला कर्तव्य नाही.

आमच्याकडे रस्त्याच्या पोटातही गोष्टी आहेत. रंगपंचमीच्या रहाडी. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, तांबट लेन, इथे पेशवेकाळापासूनचे मोठे दगडी हौद जमिनीखाली आहेत, वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बंद असतात आणि वरून वाहनं जातात. रंगपंचमीला त्या उघडतात, रंगाचं पाणी भरतात, आणि लोक त्यात धप्पा, म्हणजे उडी मारतात. म्हणजे ज्या जागेवर काल कोणाची तरी मोटारसायकल उभी होती तिथे आज अख्खी गल्ली भिजते. त्या दिवशी एकही गाडी मध्ये येत नाही आणि कोणी तक्रारही करत नाही. मला याचं नेहमी बरं वाटतं, की जागा रिकामी करायची असं गल्लीने ठरवलं तर ती होते.

गंगेवरच्या पार्किंगचं मात्र एक सांगितलंच पाहिजे, विशेषतः बाहेरून दर्शनाला येणाऱ्यांना. पावसाळ्यात तिथे गाडी लावण्याआधी गंगापूर धरणाचा विसर्ग किती सुरू आहे ते बघा. बातम्यांत क्युसेक्समध्ये येतं, होळकर पुलाखालचं वेगळं येतं. आम्ही नाशिककर मात्र नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, हीच आमची पट्टी. 19 सप्टेंबर 2008, 2 ऑगस्ट 2016, 4 ऑगस्ट 2019, हे पूर इथल्या व्यापाऱ्यांना तारखेनिशी पाठ आहेत कारण पाणी घाट सोडून भांडी बाजार, सराफ बाजारापर्यंत आत शिरलं होतं. 2016 ला आमच्या शेजारच्या काकांची गाडी घाटावर राहिली होती. ते वर दुकानात होते, अर्ध्या तासात जाऊ म्हणून. पाणी ओसरल्यावर ती एका देवळाच्या भिंतीला आडवी टेकलेली सापडली, आत चिखल आणि निर्माल्य. काकांनी घाबरून चावी फिरवली, इंजिनात पाणी होतं, ते जाम झालं. बुडालेल्या गाडीला कधीच स्टार्टर मारू नका, टो करून न्या, कारण पाण्यातून सुरू करून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. काकांनी ते घेतलेलं नव्हतं. त्यांनी ती गाडी भंगारात दिली आणि परत चारचाकी घेतलीच नाही.

तर उपाय काय, असं कोणीही विचारेल. बहुमजली पार्किंग व्हावं, जरूर व्हावं, यशवंत मंडईच्या जागेवर ते करायचं असं मी किती वर्षं ऐकतेय. पण त्याने गाडीचा प्रश्न सुटेल, आईचा नाही. रॅम्पवरून वर जा, तिसऱ्या मजल्यावर लावा, लिफ्टने खाली या, मग रस्ता ओलांडा, मग चालत बाजारात. गुडघे चांगले असलेल्या माणसाला हे काहीच नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती वेळ. मी बाजारात उभी राहून राहून बघितलंय, दुकानांसमोरच्या बऱ्याच गाड्या गिऱ्हाइकांच्या नसतातच, त्या दुकानदारांच्या आणि कामाला असलेल्या पोरांच्या असतात. सकाळी दहाला लागतात, रात्री नऊला हलतात. अकरा तास एक जागा एका माणसाने अडवली. तीच जागा तासातासाला हलती ठेवली तर अकरा घरांची माणसं येऊन जातील. मी एका ओळखीच्या दुकानदार काकांना हे बोलले, ते म्हणाले, ताई तुमचं बरोबर आहे, पण मी एकट्याने गाडी लांब लावली तर त्या जागेवर शेजारचा लावेल, गिऱ्हाईक थोडंच लावणार आहे? तेही खरंच होतं. म्हणून हे एकेकट्याच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. पैसे घ्यावेत, आणि पहिल्या तासाला कमी, पुढे चढत जाणारे घ्यावेत. मी द्यायला तयार आहे. मोटार वाहन कायद्याच्या 177 कलमाखाली आपल्याकडे नो पार्किंगला पहिल्यांदा 500 रुपये आणि पुन्हा केलं तर 1500 दंड आहे, तो भरताना लोक चिडतात, मीही भरलाय, पण लावायला योग्य जागा आणि तिचं रीतसर भाडं असेल तर त्या दंडाला अर्थ येईल. जपानमध्ये तर 1962 पासून कायदा आहे, गाडी ठेवायला जागा आहे असा दाखला दाखवल्याशिवाय शहरात गाडीची नोंदणीच होत नाही. 2025 मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीही असं काही करायची भाषा केली होती, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस भांडणं झाली. मी बाजूने होते. ज्यांच्याकडे एका पार्किंगवर तीन गाड्या होत्या ते अर्थातच विरोधात.

आणि सगळ्यात आधी, गल्लीच्या तोंडाशी एक पाच मिनिटांची जागा हवी. फक्त उतरवायला. ड्रायव्हरने खाली उतरायचं नाही, गाडी बंद करायची नाही. तिथे एक दगडी बाक. बस, एवढंच.

हे होऊ शकतं असं मी का म्हणते, तर मी ते एकदा डोळ्यांनी बघितलंय. 2015 चा सिंहस्थ कुंभमेळा. 29 ऑगस्ट, 13 सप्टेंबर आणि 18 सप्टेंबर अशा तीन पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस होते. शहराबाहेर वाहनतळ केले होते, बाहेरून येणाऱ्या गाड्या तिथेच थांबायच्या आणि पुढे एसटीच्या बस. पहिल्या पर्वणीनंतरच्या एका सकाळी, बंदोबस्त अजून उठला नव्हता, मी आईला घेऊन अशोक स्तंभापासून चालत निघाले, तिच्या जुन्या मैत्रिणीला भेटायचं होतं. तेव्हाही गुडघे दुखायचे, काठी नव्हती इतकंच. रस्त्यावर एक गाडी नाही. चाललेली नाही आणि लावलेलीही नाही. आई मेनरोडच्या मधोमध चालत होती. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं, पदर खोचलेला, मान वर, दोन्हीकडच्या माड्या बघत, ही कोणाची गॅलरी, इथे कोणाचा दवाखाना होता, असं बोलत. आणि वाटेत ती तीनदा बसली. ओट्यांवर. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, मी घाई करत होते, चल ना आई ऊन होईल म्हणून. आता त्या सकाळची आठवण आली की वाटतं तिला अजून बसू द्यायला हवं होतं.

नव्या सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 चं आहे, मुख्य स्नानं 2027 च्या पावसाळ्यात. पुन्हा वाहनतळ आखले जातील, पुन्हा बस सुटतील. आलेल्या कोट्यवधी पाहुण्यांसाठी जे आपण काही दिवस करतो त्यातलं थोडंसं, अगदी दोन गल्ल्यांपुरतं, बारा महिने इथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवता येईल का, एवढंच माझं मागणं आहे.

तोपर्यंत आम्ही आमची पद्धत बदललीय. वॅगनआर घरीच. सिटीलिंकची, म्हणजे महापालिकेची बस आमच्या भागातून सीबीएसकडे जाते, 2021 ला ती सुरू झाली तेव्हापासून मी एकटी असले की तीच. आई बरोबर असेल तेव्हा ओळखीचे एक रिक्षावाले दादा आहेत, त्यांच्या रिक्षात मी एक लाकडी पाट ठेवते, पायरीसारखा. ते गल्लीत थेट आत घालतात, तिला उतरवतात आणि निघून जातात, परत फोन केला की येतात. जायला-यायला पैसे जातात, पण गंगेवरून पळत वर येणं नाही आणि ते इथेच थांब नाही.

गेल्या महिन्यात कल्हईला गेलो होतो. पातेलं जड, मी धरलेलं. कल्हईवाल्या काकांनी भाता सुरू केला, पातेलं तापलं, नवसागर टाकला तसा पांढरा धूर उठला, आई नाकाला पदर लावून जवळ जाऊन बघत होती. काम व्हायला अर्धा तास लागणार होता. काका उठले, शेजारच्या जुन्या घरासमोर दोन मोटारसायकली लावलेल्या होत्या, त्यातली एक त्यांच्याच पोराची. "अरे ही घे पलीकडे," म्हणाले. पोराने घेतली. मागचा ओटा मोकळा झाला, धुळीने भरलेला, एका कोपऱ्याला फुटलेला. काकांनी खांद्यावरच्या फडक्याने तो झटकला.

"बसा वहिनी."

आई बसली. काठी बाजूला ठेवली, पाय लांब केले, आणि हाताने दगड चाचपून बघितला, गार आहे का.